खोबरेलातला बांगडा

मयेकर बाईंनी मला माझ्या नावाने कधी हाक मारली नाही. शाळेतल्या माणसांना त्या विषयाच्या नावानेच ओळखत. इंग्रजीला पडसं झालंय, इतिहास आज रजेवर आहे, संस्कृतच्या मुलीचं जमलं, असं त्यांचं बोलणं असायचं. मी देशावरून रत्नागिरीला भूमिती शिकवायला आलो, तो रत्नागिरी सोडेपर्यंत 'भूमिती'च राहिलो. हेडमास्तरांना कुठलाच विषय नव्हता, म्हणून बाई त्यांना नुसतं 'ते' म्हणत.

स्वतः बाई म्हणजे चित्रकला. ठेंगण्या, सावळ्या, पदर कायम कमरेला खोचलेला आणि अंबाड्यात एक मोठा काळा आकडा. त्या आकड्याचं काम अंबाडा धरून ठेवण्याचं असलं, तरी तो तिथे फारसा नसे. शाईच्या बाटलीचं बूच उघडायला, ब्रशच्या मुळातला वाळका रंग कोरायला, वर्गात पेंगणाऱ्या मुलाच्या कानामागे हळूच टेकवायला, सगळ्याला आकडा. मग अंबाडा सुटायचा आणि बाई तशाच, एका हाताने केस धरून, दुसऱ्या हाताने फळ्यावर वर्तुळ काढायच्या.

त्या वर्तुळाबद्दल मला सांगितलंच पाहिजे. वार्षिक परीक्षा जवळ आली की शाळेच्या रिवाजाप्रमाणे चित्रकलेचा तास गणिताला मिळायचा. तसा तो मला मिळाला. बाई मात्र वर्ग सोडून गेल्या नाहीत. मागच्या बाकावर मुलींशेजारी जाऊन बसल्या. मी फळ्यावर हाताने वर्तुळ काढलं तशी मागून आवाज आला, "भूमिती, तुमचं वर्तुळ कलंडलंय." मुलं हसली. बाई उठून पुढे आल्या आणि एका दमात, खांद्यापासून हात फिरवून, त्यांनी वर्तुळ काढलं. तास संपल्यावर मी चोरून दोरी लावून ते मोजलं. पुढे वर्तुळाचा धडा आला की मी आपणहून त्यांना बोलावून आणायचो, आणि त्या पण सगळी कामं टाकून येत.

वर्गात त्यांचं एकच सांगणं असे : "काढू नको. आधी बघ." मुलांपुढे टेबलावर तांब्या, दोन वांगी आणि एक फडकं मांडायचं आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं कुणी पेन्सिल उचलायची नाही. तांब्याच्या तोंडावर त्यांचा विशेष राग होता. लहान मुलं तांब्या काढताना तोंड पूर्ण गोल काढतात. बाई प्रत्येकाचं ते गोल तोंड खोडून तिथे लंबगोल काढून देत. "तू बसलायस तिथून तुला एवढं तोंड दिसतं काय? मग?" रत्नागिरीत निदान दोन पिढ्या तरी लंबगोल तोंडाचे तांबे काढायला शिकल्या त्या मयेकर बाईंमुळे. त्यांच्या मुलांची चित्रं दरवर्षी प्रदर्शनात लागत, बक्षिसं आणत. स्वतःचं चित्र मात्र बाईंनी कधी कुठे लावलं नव्हतं. विचारलं तर म्हणायच्या, "माझं काय त्यात? तांब्या सगळ्यांचाच असतो."

हे सगळं असंच चाललं असतं. पण ऐंशी सालानंतर एकदा जिल्ह्यातल्या चित्रकला शिक्षकांचं शिबिर भरलं आणि तिथे मुंबईहून एक परीक्षक आले. त्यांनी पॅरिसमधल्या कुण्या चित्रकाराच्या चित्राची छापील प्रत सगळ्यांना दाखवली. बाटली आणि मासा, असं चित्राचं नाव. आणि चित्रात नुसते तुकडे, करड्या-तपकिरी रंगाचे. बाई उभ्या राहून म्हणाल्या, "ह्यात बाटली दिसत नाही मला."

परीक्षक हसून म्हणाले, "बाई, तुम्ही जन्मभर एका खुर्चीत बसून चित्रं काढलीत. खुर्चीतून नाही दिसायची ती."

सगळं शिबिर हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ती प्रत मागून घेतली आणि सोमवारी शिक्षकखोलीत माझ्यासमोर ठेवली.

"हा तुमचा प्रांत. त्रिकोण आहेत, चौकोन आहेत. सोडवा."

मी चित्र सरळ धरलं, उलटं धरलं. शेवटी मला माहीत होतं तेवढं सांगितलं. एखाद्या वस्तूचा आराखडा काढताना ती वरून कशी दिसते, समोरून कशी दिसते, बाजूने कशी दिसते, अशी वेगवेगळी चित्रं काढतात. ह्या माणसाने ती सगळी एकमेकांत घुसवलेली दिसतात. बाईंनी प्रत ओढून घेऊन पुन्हा पाहिली. मग त्यांनी आकडा काढून टेबलावरच्या धुळीत एक तांब्या काढला. पोट बाजूने दिसतं तसं आणि तोंड वरून दिसतं तसं, पूर्ण गोल.

"असं?"

"असं."

"हे तर पहिलीतली पोरं काढतात हो," बाई म्हणाल्या. "जन्मभर तेच खोडत आले मी."

त्यांचा चेहरा मी त्याआधी आणि त्यानंतरही इतका पडलेला पाहिला नाही. दुसरं कुणी असतं तर ती प्रत टराटरा फाडून मोकळं झालं असतं. बाईंनी दुसऱ्या दिवशी जाहीर केलं की त्या असलं एक चित्र काढणार, खऱ्या तैलरंगात, आणि पुढच्या वर्षीच्या शिक्षकांच्या प्रदर्शनात लावणार. त्या वेळी त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. तैलरंगाला त्यांनी तोवर हात लावलेला नव्हता. "शिकायचं ते शिकूनच घरी जाईन," म्हणाल्या. एवढी वर्षं दुसऱ्यांची नावं चित्राखाली घालून झाली होती, आता त्यांना स्वतःचं नाव घालायचं होतं. हे त्या बोलल्या नाहीत, पण शाळेत सगळ्यांना कळलं.

बाई आणि मी एकाच आवारात भाड्याने राहत होतो, त्यामुळे पुढचा सगळा उद्योग माझ्या दारासमोर झाला. एका रविवारी सकाळी त्यांनी मला मिरकरवाड्याला मासळीच्या बाजारात नेलं. मी शाकाहारी घरातला. नाकाला रुमाल लावून उभा राहिलो. बाई पूर्णगडच्या, वडिलांची होडी होती. भागीरथी नावाच्या नेहमीच्या मासेवालीपुढे त्या उकिडव्या बसल्या आणि एक बांगडा उचलून मला म्हणाल्या, "आता नीट बघा."

त्यांनी आधी डोळा पाहिला. मग नखाने कल्ला उचलून आतला लाल रंग पाहिला. मासा उलटा करून दुसरी बाजू पाहिली, पोट दाबलं, शेपटी धरून आडवा तोलला.

"बाय, माझा बांगडा कालचा नाय, आजचा हाय," भागीरथी म्हणाली. "किती बगशील?"

"घ्यायचा नाहीच आहे गो, काढायचा आहे," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "मासा घेताना कोणी एका बाजूने बघतं काय? त्याने तेच केलंन् त्या चित्रात. मुंबईचे ते उगाच पॅरिस पॅरिस करत बसले. त्यांनी सांगायचं होतं, मासा घेतेवेळी बघता तसं बघा. मी तेव्हाच काढून दाखवलं असतं."

भागीरथीने मला विचारलं, "ह्यांना काय झालं?" मी म्हटलं, चित्र काढतायत. तिला ते पुरेसं वाटलं.

त्या दिवसापासून बाईंच्या पडवीत एका पाटावर चित्राची मांडणी झाली. एक विळी, फोडलेल्या नारळाचं एक भकल, तांब्या आणि एक बांगडा. बांगडा दर रविवारी नवा. सकाळभर बाई पाटाभोवती फिरत, वाकत, स्टुलावर चढत, मांजरांना हाकलत आणि पेन्सिलने कागदांवर कागद भरत. दुपारी बांगडा तव्यावर जाई आणि मला सोलकढी-भात मिळे. एखाद्या रविवारी मांजराने आधीच डाव साधला तर बाई आठवणीतून काढत, आणि ती चित्रं मला जास्त चांगली वाटत. मी तसं एकदा बोललो. "मांजराला सांगू नका," म्हणाल्या.

चित्राचं कापडसुद्धा असं-तसं नव्हतं. पूर्णगडला वडिलांच्या होडीचं जुनं शीड पडून होतं. त्यातलं धडकं कापड त्यांनी कापून आणलं, मिरजोळ्याच्या एका कारखान्यातून आलेल्या खोक्यांच्या फळ्यांची चौकट करून तिच्यावर ताणलं आणि सरस-खडूचा हात दिला. रंग आणायचं काम त्यांच्या यजमानांकडे होतं. ते मुंबईला गोदीत नोकरीला, गणपतीला आणि शिमग्याला येत. शिमग्याला ते आले ते रंगांच्या नळ्या आणि ब्रश घेऊन, पण दुकानदाराने दाखवलेली तेलाची बाटली तिथेच ठेवून.

"रंग पातळ करायला तेल लागतं असं तो म्हणाला," यजमान मला समजावून सांगत होते. "मी म्हटलं, कोकणात मुंबईहून तेल घेऊन जाऊ? लोक काय म्हणतील? आपल्याकडे घाण्याचं खोबरेल आहे."

बाईंना ते पटलं. मलाही पटलं. तैलरंग म्हणजे तेलाचे रंग, आणि रत्नागिरीत तेल म्हणजे खोबरेल. ह्यात चूक असेल अशी शंका आमच्या आवारात कुणालाही आली नाही.

चित्र मे महिन्यात पुरं झालं. आजही डोळे मिटले की मला ते दिसतं. मधोमध बांगडा, एक डोळा वरचा आणि एक खालचा, म्हणजे उलटवल्यावर दिसणारा. कल्ला उघडलेला, आत लाल. पाठीवरच्या निळ्या-हिरव्या रेघा वळून विळीच्या पात्यात शिरलेल्या. नारळाचं भकल आतून पांढरं आणि बाहेरून तपकिरी, दोन्ही एकदम. आणि तांब्या, ज्याचं तोंड पूर्ण गोल होतं. पॅरिसवाल्याचं चित्र करडं होतं. हे जांभ्याच्या चिऱ्यासारख्या तांबड्या रंगावर उभं होतं. मी चित्रातला जाणकार नव्हे, पण असं काही माझ्यासमोर, माझ्या दारात तयार झालं याचा मला तेव्हा अभिमान वाटला आणि अजून वाटतो.

"सही करा," मी म्हटलं.

"सुकल्यावर. ओल्यावर सही करत नाहीत."

पावसाळा आला. चित्र सुकलं नाही. पावसाळ्यात आमच्याकडे टॉवेलही सुकत नाही, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही. दसरा झाला, दिवाळी झाली. चित्राला खोबरेलाचा वास येत होता आणि बोट लावलं की रंग बोटाला. प्रदर्शन जानेवारीत होतं. बाई रोज सकाळी शाळेत जाण्याआधी कोपऱ्यात बोट टेकवून बघत आणि बोट पुसत. यजमानांना त्यांनी पत्राने विचारलं, तर त्यांनी कळवलं की हवा दमट आहे, दम धरा.

आणि मग जानेवारीत, प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी, बाई माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "भूमिती, चला. सुकलं."

मी जाऊन बोट लावलं. खरंच घट्ट झालं होतं. त्या आठवड्यात थंडी चांगली पडली होती. माझ्या खिडकीतली डोक्याला लावायची तेलाची बाटली थिजून पांढरी झाली होती आणि मी रोज ती उन्हात ठेवून मगच भांग पाडत होतो. तरीही दोन गोष्टी मी जोडल्या नाहीत, बाईंनीही नाही. आम्ही चित्र वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि रिक्षातून प्रदर्शन भरलेल्या शाळेच्या सभागृहात नेऊन दिलं. घाईत सही राहूनच गेली.

परीक्षक दुपारी आले. तेच, मुंबईचे. ऊन चांगलं तापलं होतं. बाईंनी कागद सोडायला घेतला आणि त्यांचा हात थांबला. कागद चित्राला चिकटला होता. बाकीचा कसाबसा सुटला, पण बांगड्याच्या पोटावर तळहाताएवढा तुकडा तसाच राहिला, छापील अक्षरांसकट.

परीक्षक पुढे झाले आणि चित्रावर वाकून एकदम म्हणाले, "वा. कागद चिकटवलात. तिकडच्या लोकांनी नेमकं हेच केलं होतं, बाई. वर्तमानपत्राचे तुकडे चित्रात आणले. तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

सभागृहातले सगळे आमच्याकडे बघायला लागले. शिबिरात हसलेले बहुतेक तिथे होते. मी बाईंच्या मागे उभा होतो. हळूच म्हटलं, "बाई, आता काही बोलू नका."

बाईंनी माझं ऐकलं नाही. "तो मी लावलेला नाही," त्या म्हणाल्या. "चिकटला तो. माझं चित्र त्याच्या खाली आहे." आणि अंबाड्यातला आकडा काढून, सगळ्यांच्या देखत, त्यांनी तो तुकडा कडेने सोडवत सोडवत उचलला. थोडा रंग कागदाबरोबर गेला. बांगड्याचं पोट जरा खरवडलं गेलं, पण बांगडा बांगडाच राहिला.

परीक्षकांनी बोट लावलं आणि बोटाकडे पाहिलं. "हे ओलं आहे. कुठलं तेल वापरलंत?"

"खोबरेल."

त्यांनी बोट रुमालाला पुसलं. "अहो, जवसाचं वापरतात. ते वाळतं. खोबरेल नाही वाळत, बाई, कधीच नाही."

हसू फुटलं ते मागून कुठून तरी. बाईंनी मागे पाहिलं नाही. परीक्षक मात्र हसले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने सांगतो. ते एवढंच म्हणाले की ओलं चित्र भिंतीवर लावायची पद्धत नाही, शेजारची चित्रं खराब होतील, आणि बिनसहीचं तर घेताच येत नाही.

"भिंत नको," बाई म्हणाल्या. "मला एक बाक द्या."

बाक आला. व्हरांड्यात, उजेडात, त्यांनी चित्र त्याच्यावर आडवं ठेवलं. मग वाकून, आकड्याच्या टोकाने, खालच्या कोपऱ्यात ओल्या रंगात कोरलं : सु. मयेकर. सुलोचना हे त्यांचं नाव मला त्या दिवशी विचारल्यावर कळलं.

भिंतीवरची चित्रं लोक समोरून बघत पुढे जात होते. इथे भिंत नव्हती. लोक बाकाभोवती फिरायला लागले. ह्या बाजूने आलेल्याला वरचा डोळा दिसे, त्या बाजूने गेलेल्याला खालचा. नारळाकडून बघणारे विळीकडच्यांना सांगत होते की इकडे या, इकडून बघा. बाईंचे जुने विद्यार्थी आले, त्यांची मुलं आली. एक लहान मुलगी तांब्यावर बोट ठेवून आईला म्हणाली, "माझा पण असाच येतो. बाई खोडतात." बाईंनी ते ऐकलं आणि तिला म्हणाल्या, "आता नाही खोडणार." संध्याकाळी पाटी रिकामी करून भागीरथी आली. तिने बाकाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "ताजा हाय गो. पोटाकडं जरा दबलाय."

परीक्षकांसाठी शिपाई खुर्ची घेऊन आला होता. त्यांनी ती नको म्हणून परत पाठवली आणि पुन्हा एकदा बाकाभोवती सावकाश फिरून आले. बक्षीस बाईंना मिळालं नाही, मिळणारही नव्हतं. घरी जाताना रिक्षात त्या चित्र मांडीवर आडवं धरून ताठ बसल्या होत्या. पदराला खोबरेल आणि निळा रंग लागला होता. "उद्या पाचवीचा तास आहे," एवढंच बोलल्या. दुसऱ्या दिवशी पाचवीला त्यांनी पुन्हा तांब्या दिला, पण ह्या खेपेला मुलांना बाकांवर बसू दिलं नाही.

पुढच्या वर्षी बाई निवृत्त झाल्या आणि पूर्णगडला गेल्या. त्यानंतर काही वर्षांनी, दशक संपता संपता, मला देशावर बदली मिळाली. निघण्याआधी मी एसटीने त्यांना भेटायला गेलो. यजमानही मुंबई सोडून आले होते. त्यांनीच दार उघडलं आणि मला बघून म्हणाले, "तेलाचं काही बोलू नका."

चित्र पडवीच्या भिंतीवर होतं. आपल्या घरात बाईंना कोण अडवणार. धूळ बसली होती, चिलटं चिकटली होती, आणि बांगडा मुळातल्या जागेवरून अंमळ खाली उतरला होता. मी सवयीने कोपऱ्याला बोट लावलं. रंग बोटाला आला.

"उन्हाळ्यात पाझरतं ते," बाई म्हणाल्या. केस पांढरे झाले होते, आकडा तोच होता. "बाकीचं राहतं, सही तेवढी बुजते. दर वर्षी करावी लागते."

मी वाकून पाहिलं. कोपऱ्यात नुसती पुसट खूण उरली होती. चहा झाला, इतिहास वारल्याचं आणि संस्कृतला नातू झाल्याचं मी सांगितलं. तेवढ्यात एसटीचा हॉर्न ऐकू आला आणि मी नमस्कार करून उठलो. अंगणाच्या दगडी गडग्यापाशी पोचल्यावर वळून पाहिलं तर बाई मला पोचवायला आलेल्या नव्हत्या. त्या चित्रासमोर उभ्या होत्या, अंबाडा सुटून पाठीवर आला होता, एका हाताने त्यांनी चौकट धरली होती आणि दुसऱ्या हातातल्या आकड्याने त्या ओल्या रंगात, आता एका अक्षरावर न भागवता, सुलोचना असं अख्खं नाव कोरत होत्या.